पडद्यावरचें मराठी अक्षर : मुळापासून उभारणी

कोल्हापुरांत १९१८ सालीं चलच्चित्रें टिपण्याचा एक कॅमेरा तयार झाला. बाबूराव मेस्त्री, ज्यांना पुढें सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर या नांवानें ओळखूं लागला, त्यांनीं तो आपल्या हातांनीं घडविला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं निघाला आणि बाबूराव व त्यांचे नात्यांतील बंधु आनंदराव या दोघां चित्रकारांना चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेणें आवाक्याबाहेरचें होतें. आणि घरीं घडवावा तर त्याचे आराखडे कोणी हातीं देत नव्हतें. तेव्हां जुना प्रोजेक्टर मिळवावा, तो खोलावा, फीत पुढें सरकविणारी त्यांतील रचना न्याहाळावी आणि चित्र दाखविणाऱ्या यंत्रावरून चित्र घेणाऱ्या यंत्राचा तर्क बांधावा, असा तो मार्ग होता. आनंदराव १९१६ सालीं वारले. अर्धें राहिलेलें काम बाबूरावांनीं विष्णुपंत दामल्यांना हाताशीं धरून तडीस नेलें, आणि १९२० सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

या हकीकतींतील कष्टांचा मोठा वाटा यंत्र घडविण्यापेक्षां यंत्र कसें चालतें हें ताडण्यांत खर्ची पडला असला पाहिजे. बंद पेटींत काय आहे हें बाहेरून ओळखावयाचें, म्हणजे निम्मी शक्ति तेथेंच संपते. आज पडद्यावर चित्रें व अक्षरें काढणारीं जीं यंत्रें आहेत, त्यांतील कांहींच्या बाबतींत ही अडचण उरलेली नाहीं. त्यांचे आराखडे शेवटच्या स्क्रूपर्यंत जगापुढें मांडून ठेवलेले आहेत. ते कोणींही घ्यावेत, वाचावेत, बदलावेत आणि त्यांवरून आपलें यंत्र आपल्या घरीं उभारावें. ही उभारणी कशी होते आणि मराठी माणसानें तिच्याकडे लक्ष कां द्यावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

हीं यंत्रें लोखंडाचीं नसतात, आज्ञांचीं असतात. संगणकाला जें काम सांगावयाचें तें माणूस आपल्याला वाचतां येईल अशा सांकेतिक भाषेंत लिहितो. हीच मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड. संगणकाला ती जशीच्या तशी समजत नाहीं; त्याला कळते ती केवळ अंकांची भाषा. कंपायलर नांवाचा दुभाषी मूळ संहिता घेऊन तिचें या अंकभाषेंत रूपांतर करतो. बाजारांत विकत मिळणारें बहुतेक सॉफ्टवेअर या दुसऱ्या रूपांतच मिळतें. तें चालवितां येतें, वाचतां येत नाहीं. लाडू खातां येतो, पण त्याच्या चवीवरून पाक एकतारी होता कीं दोनतारी हें सांगणें कठीण, तसाच हा प्रकार. मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्यें लाडवाबरोबर कृतिही हातीं येते, आणि आपल्या घरच्या रुचीप्रमाणें तींत फेरफार करण्याची लेखी परवानगीही मिळते.

लायब्ररी हा शब्दही येथें निराळ्या अर्थानें येतो. लायब्ररी म्हटलें कीं कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढें १८५० पासून चालत आलेलें करवीर नगर वाचन मंदिर उभें राहतें. संगणकाच्या व्यवहारांत लायब्ररी म्हणजे तयार करून ठेवलेल्या कामांचा संग्रह. रेघ ओढणें, वर्तुळ काढणें, रंग भरणें हीं कामें प्रत्येकानें नव्यानें लिहीत बसूं नये म्हणून तीं एकदां नीट करून ठेवलेलीं असतात. ज्याला गरज पडेल त्यानें त्यांना हांक मारावी. चित्रकामासाठीं असलेला असा संग्रह तो ग्राफिक्स लायब्ररी. ‘कैरो’ हा त्यांतील एक नामांकित संग्रह होय. कीथ पॅकार्ड व कार्ल वर्थ यांनीं तो आरंभिला आणि २००३ सालीं त्याला हें नांव मिळालें.

समजा, राजारामपुरींत राहणारा एक विद्यार्थी आपल्या शहराचा नकाशा संगणकाकडून काढवूं पाहतो आहे. त्यानें कैरोला रेघा सांगितल्या. रंकाळा निळा झाला, पंचगंगेचें वळण उमटलें, रस्ते आले. मग नांवें लिहावयास सांगितलें, आणि घोटाळा झाला. ‘शिवाजी पूल’ यांतला ऱ्हस्व इकार श च्या अलीकडे असावयाचा तो पलीकडे जाऊन बसला. ‘लक्ष्मीपुरी’तल्या जोडाक्षराचे तुकडे होऊन ते पाय मोडलेल्या शिपायांसारखे रांगेनें उभे राहिले. खुद्द ‘कोल्हापूर’ हें नांवही धड उमटलें नाहीं. ल चा पाय मोडून पडला होता आणि ह त्याच्यापासून फटकून उभा होता.

यांत कैरोचा दोष नाहीं. अक्षरें लिहिण्यासाठीं कैरोंत जी साधी सोय आहे ती लहानसहान नमुन्यांपुरती आहे, आणि तिच्या कर्त्यांनींच तिला खेळणें असें नांव दिलें आहे. एका खुणेला एक आकार, डावीकडून उजवीकडे, असा तिचा हिशेब. इंग्रजीचें त्यांत भागतें. देवनागरीचें भागत नाहीं, कारण आपली लिपि लिहिण्याचा क्रम, उच्चाराचा क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम हे तीन वेगळे आहेत.

खिळ्यांचा छापखाना ज्यांनीं पाहिला आहे त्यांना पुढची रचना चटकन कळेल. मुंबईंत जावजी दादाजींनीं १८६४ सालीं टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि पुढें निर्णयसागराच्या अक्षरांची ख्याति सर्वत्र झाली. तेथें खिळे ओतणारा एक, ते जुळविणारा दुसरा, पान बांधणारा तिसरा आणि शाई लावून छापणारा चौथा असे. पडद्यावरच्या छापखान्यांतही हे चारही कामकरी आहेत. ओताऱ्याचें काम फ्रीटाइप ही लायब्ररी करते. तिची सुरुवात १९९६ सालची. फॉन्टमध्यें अक्षराच्या कडा वक्ररेषांच्या रूपांत नोंदलेल्या असतात, त्या घेऊन ती हव्या त्या आकाराचे ठिपके पाडून देते. छापणारा तो कैरो. ओळी तोडून मजकूर बेतानें बसविणारा तो पँगो. ग्रीक भाषेंतील ‘सर्व’ आणि जपानींतील ‘भाषा’ या दोन शब्दांची ती मोट आहे. राहिला जुळारी. त्याचें नांव हार्फबझ. फारशींत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडें. इराणांत जन्मलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनीं हें नांव दिलें व हें काम वाढविलें. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड फोन व लिब्रेऑफिस या सर्वांच्या पोटांत हाच जुळारी बसलेला आहे. शेतकऱ्याच्या खिशांतला फोन मराठी बातमी दाखवितो ती बहुधा याच्या हातून जुळून आलेली असते.

या जुळाऱ्याचें कौशल्य थोडें खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे. १९९१ सालीं पहिली आवृत्ति निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरी अक्षरें उच्चाराच्या क्रमानें साठविलीं जातात. ‘शि’ म्हणतांना आधीं श, मग इ. पण कागदावर वेलांटी आधीं काढावी लागते. ‘सूर्य’ म्हणतांना र आधीं येतो, परंतु लिहितांना तो रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. हार्फबझ प्रत्येक अक्षरसमूह वेगळा करतो, त्यांतील मुख्य व्यंजन कोणतें तें ठरवितो, वेलांटी पुढें आणतो, रफार मागें ढकलतो, आणि मग फॉन्टला विचारतो, ‘क आणि ष यांचा जोडखिळा तुझ्यापाशीं आहे काय? नसल्यास अर्धा क तरी आहे काय?’ फॉन्टमध्यें जे नियम लिहिलेले असतील त्यांप्रमाणें तो आकार निवडतो आणि अनुस्वार नेमका कोणत्या बिंदूवर ठेवावयाचा तें मोजून सांगतो.

येथवर हिंदी, नेपाळी व मराठी यांची गरज एकच आहे. यापुढें मात्र मराठीचें स्वतःचें मागणें सुरू होतें. आचार्यास दक्षिणा देणें वेगळें आणि आचाऱ्यास दक्षिणा देणें वेगळें. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पापणीच्या केसासारखा जो आडवा अर्धा र आपण काढतों तो हिंदीला लागत नाहीं. मराठींत त्यावांचून अर्थ बदलतो. युनिकोडनें त्यासाठीं नुक्ता दिलेल्या ऱ ची योजना केली आहे, आणि त्याचा पाय मोडला कीं हा र उमटावा असा नियम आहे. हा नियम जुळाऱ्याला ठाऊक हवा आणि तो आकार फॉन्टमध्यें हवा. दोहोंपैकीं एकजण चुकला कीं राधानगरीच्या दऱ्यांमध्यें समुद्र शिरतो.

ल आणि श यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे काना असतो. मराठी ल ला काना नसतो. त्याच्या दोन पाकळ्या दोन बाजूंस उमलतात. श चेंही तसेंच. मराठी बाळबोध वळणांत त्याला देठ असतो. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला तेव्हां या दोन अक्षरांच्या वळणांचा प्रश्न त्यांत होता. युनिकोडमध्यें मात्र ल एकच आणि श एकच. मग कोणता आकार काढावयाचा हें कसें ठरावें? मजकुरावर भाषेची चिठ्ठी लावून. ‘हा मजकूर मराठी आहे’ असें पँगोनें हार्फबझला सांगितलें, आणि फॉन्टमध्यें मराठीसाठीं वेगळा ल ठेवलेला असला, तर पाकळ्यांचा ल येतो. चिठ्ठी नसली तर फॉन्टच्या कर्त्यानें जो आकार पहिला धरला असेल तो येतो, आणि तो बहुधा हिंदी वळणाचा असतो. पडद्यावर मराठी वाचणाऱ्या मुलांचा हात हळूहळू कान्याच्या ल ला वळूं लागला आहे याचें एक कारण येथें सांपडतें. कोणी तसें ठरविलें नव्हतें. चिठ्ठी लावावयाची राहून गेली इतकेंच.

आतां प्रश्न असा कीं हीं सारीं यंत्रें तयार मिळत असतांना तीं मूळ संहितेपासून उभारण्याचा खटाटोप कां करावा? डेबियन किंवा उबुंटू यांसारख्या संचांत कैरो, पँगो, हार्फबझ आयतीं येतात. एक ओळ लिहावी, तीं दोन मिनिटांत बसतात. सामान्य वापरासाठीं तोच मार्ग योग्य आहे. घरांत पीठ तयार असतांना केवळ हौसेखातर जात्यावर बसण्यांत पुरुषार्थ नाहीं. पण कधीं कधीं आयत्या संचांतील आवृत्ति जुनी असते आणि हवी असलेली दुरुस्ति नव्या आवृत्तींत झालेली असते. कधीं कॉलेजच्या प्रयोगशाळेंतील यंत्रावर विद्यार्थ्याला कांहीं बसविण्याचा अधिकार नसतो. मग त्याला स्वतःच्या कप्प्यांत वेगळी उभारणी करावी लागते. आणि कधीं, ही सर्वांत महत्त्वाची वेळ, यंत्रांत मराठीपुरता दोष आढळतो आणि तो आपणच दुरुस्त करावयाचा असतो.

या शेवटच्या कारणांतूनच मुक्त स्रोताची सारी चळवळ जन्मली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत एक नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला कीं तो गप्प बसे, आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांना तें तासाभरानें कळे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं आधीच्या प्रिंटरची संहिता बदलून ‘कागद अडकला’ अशी वर्दी प्रत्येकास मिळण्याची सोय केली होती. नव्या प्रिंटरच्या बाबतींत तसें करावयास गेले तर संहिता मिळेना. ज्यांच्यापाशीं ती होती त्यांनीं कोणास न दाखविण्याचा करार केला होता. १९८३ सालीं स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९८७ सालीं त्याच प्रकल्पाचा जीसीसी हा कंपायलर बाहेर पडला. आपला विद्यार्थी जो दुभाषी वापरणार आहे तो बहुधा हाच.

उभारणीचें पहिलें पाऊल म्हणजे संहितेचें गांठोडें आणणें. तें ज्या त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच आणावें, आणि त्याबरोबर दिलेली सांकेतिक बेरीज ताडून पाहावी. गांठोड्यांतील एक अक्षर जरी बदललें तरी ही बेरीज जुळत नाहीं. हा सोपस्कार पुष्कळजण टाळतात. मार्च २०२४ मध्यें जें उघडकीस आलें तें पाहतां तो टाळूं नये, आणि त्यावर पूर्ण विसंबूनही राहूं नये. एक्सझेड नांवाचें एक साधन आहे. फाइली दाबून लहान करण्यासाठीं तें जगभर वापरतात, आणि कैरोचें गांठोडेंही त्याच पद्धतीनें बांधलेलें असतें. या साधनाच्या दोन आवृत्तींत कोणी तरी चोरदरवाजा बसविला होता. तो उघडणारी किल्ली सर्वांना दिसणाऱ्या संहितेंत नव्हती, वाटावयाच्या गांठोड्यांत तेवढी घातलेली होती. बेरीज ताडली असती तरी ती जुळलीच असती, कारण गांठोडें बांधणारा हातच खोटा होता. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका अभियंत्याला यंत्रांत प्रवेश करतांना अर्धा सेकंद जास्त लागतो असें दिसलें; त्यानें कारण शोधीत शोधीत मूळ गांठलें. संहिता उघडी होती म्हणून त्याला मुळापर्यंत जातां आलें. परंतु ती उघडी असूनही तोंवर कोणी पाहिली नव्हती, हेंही तितकेंच खरें आहे.

गांठोडें सोडल्यावर आंत ‘वाचा’ अशा अर्थाच्या नांवाची एक फाइल असते. ती खरोखरच वाचावी. मग येते जुळवाजुळव. पूर्वीं यासाठीं कॉन्फिगर नांवाची लांबलचक आज्ञामाला असे. आतां यांतील बहुतेक प्रकल्प मेसन हें साधन वापरतात, आणि कैरोनें २०२३ सालच्या १.१८ या आवृत्तीपासून जुनी पद्धत सोडून दिली आहे. मेसन घरांत काय काय सामान आहे तें तपासतो. कंपायलर आहे काय? पिक्समन आहे काय? फॉन्ट शोधून देणारा फॉन्टकॉन्फिग आहे काय? लग्नघरांत आचाऱ्यानें यादी घेऊन कोठीघर तपासावें तसें हें चालतें. चार यंत्रें उभारावयास निघालेल्या विद्यार्थ्याला येथें कळतें कीं तीं चार आणखी चारांवर उभीं आहेत.

नवखा माणूस येथें दोन ठिकाणीं अडखळतो. फ्रीटाइप यंत्रावर बसलेला असूनही मेसन तो नाहीं म्हणून सांगतो. याचें कारण असें कीं लायब्ररी चालविण्यासाठीं लागणारा भाग वेगळा आणि तिच्यावर दुसरें कांहीं उभारण्यासाठीं लागणारा मथळ्यांचा भाग वेगळा. आयत्या संचांत हा दुसरा भाग निराळ्या पुडक्यांत ठेवतात, आणि तें पुडकें बहुधा आणलेलें नसतें. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. कांहीं सामान ऐच्छिक असतें; तें नसेल तर मेसन तक्रार न करतां तेवढें अंग वगळून पुढें जातो. सर्व कांहीं यथास्थित झालें असें वाटतें, आणि पुढें कैरोला फ्रीटाइपची ओळखच नाहीं असें निघतें. म्हणून शेवटीं जी गोषवाऱ्याची यादी येते ती डोळ्यांत तेल घालून पाहावी.

फ्रीटाइप व हार्फबझ यांच्यांत तर बरीच वर्षें एक मौजेचा अन्योन्याश्रय होता. ओताऱ्याला बारीक खिळे सुबक ओतण्यासाठीं जुळाऱ्याचा सल्ला हवा. जुळाऱ्याला खिळ्यांचीं मापें घेण्यासाठीं ओतारी हवा. आधीं कोण उभारावयाचा? तोडगा साधा आहे. फ्रीटाइप आधीं सल्ल्यावांचून उभारावा, त्यावर हार्फबझ उभारावा, आणि मग फ्रीटाइप पुन्हां एकदां, या वेळीं सल्ल्यासह. तान्ह्या पोराला आधीं पांगुळगाडा द्यावा आणि चालूं लागल्यावर तो काढून घ्यावा, तसें हें दुबार काम आहे.

यानंतर निन्जा ही आज्ञा दिली कीं कंपायलर कामास लागतो. संहितेच्या एकेका फाइलीचें अंकभाषेंत रूपांतर होऊन सुटे भाग तयार होतात आणि अखेरीस जोडारी ते सारे सांधून एक लायब्ररी बनवितो. पडद्यावरून ओळी सरकत जातात. त्यांत मधूनमधून इशारे दिसतात. त्यांनीं घाबरूं नये. चूक आली तर काम आपोआप थांबतें, आणि तेव्हां शेवटची ओळ न वाचतां सर्वांत पहिली चूक शोधावी. बाकीच्या बहुधा तिच्याच पोटच्या असतात.

उभारणी झाल्यावर आणि बसविण्यापूर्वीं चाचण्या घ्याव्यात. हार्फबझबरोबर चाचण्यांचा मोठा साठा येतो, आणि त्यांत भारतीय लिपींच्याही आहेत. अमुक अक्षरें दिलीं असतां अमुक आकार अमुक जागीं यावेत, असें त्यांत नमूद असतें. मराठीपुरता एखादा दोष सांपडला आणि तो दुरुस्त झाला कीं त्याची चाचणी या साठ्यांत घालतां येते, म्हणजे पुढें जगाच्या कोणत्याही कोपऱ्यांत कोणीं संहिता बदलली आणि तो दोष परत आला तर ती चाचणी ओरडून सांगते. कैरोच्या चाचण्यांतील कांहीं अपयशें मात्र फॉन्टांच्या किरकोळ फरकामुळेंही येतात. तीं तारतम्यानें पाहावीं लागतात.

बसविण्याची जागा हा विचार शेवटीं येतो, पण ठरवावा लागतो आरंभींच, कारण मेसनला तो पत्ता तेव्हांच द्यावयाचा असतो. यंत्राच्या संचानें जेथें आपली कैरो ठेवली आहे तेथेंच नवी आणून ठेवणें म्हणजे चालत्या गाड्याची खीळ काढणें. पडद्यावरच्या खिडक्या, छपाई, पुस्तकें वाचण्याचीं साधनें या सर्वांचा भार त्या जुन्या कैरोवर असतो. म्हणून नवीला स्वतंत्र कप्पा द्यावा. मग अर्थातच दुसरा प्रश्न उद्भवतो. नकाशा काढणारी आज्ञावली चालूं लागली कीं ती संवयीप्रमाणें जुन्या जागींच लायब्ररी शोधते. नव्या कप्प्याचा पत्ता तिला दोन वेळां सांगावा लागतो, एकदां उभारतांना आणि एकदां चालवितांना. पहिला सांगितला आणि दुसरा विसरला तर उभारणी नव्या मापावर आणि चालणें जुन्यावर, असा प्रकार होतो; आणि कपडा एकाचा, अंग दुसऱ्याचें, हें ध्यानांत येईपर्यंत एखादी संध्याकाळ जाते.

एवढें झाल्यावर राजारामपुरींतला तो नकाशा पुन्हां काढला कीं ‘शिवाजी पूल’ यांतली वेलांटी आपल्या जागीं येते, ‘लक्ष्मीपुरी’चें जोडाक्षर सांधलें जातें. ‘कोल्हापूर’ मधला ल मराठी वळणाचा येईलच असें मात्र नाहीं. पँगोला मराठीची चिठ्ठी दिली आहे काय हें आधीं पाहावें. ती दिली असूनही कान्याचाच ल आला तर दोष जुळाऱ्याचा नाहीं, खिळ्यांच्या केसमध्येंच तो खिळा नाहीं. सुदैवानें देवनागरीचे कित्येक फॉन्टही आतां उघड्या संहितेसह मिळतात. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं ‘लोहित’ फॉन्ट मुक्त केले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ही तसाच मुक्त परवान्याचा आहे. अशा फॉन्टचें गांठोडें सोडावें, ल ची फाइल काढावी, पाकळ्यांच्या वक्ररेषा बसवाव्यात, आणि ‘मराठी असेल तेव्हां हा आकार घे’ एवढा एक नियम त्यांत लिहावा. मग फॉन्ट पुन्हां बांधावयाचा, त्याला दुसरें नांव द्यावयाचें आणि नकाशा तिसऱ्यांदां काढावयाचा.